कोणत्या पंपाला भ्यायचं?

दम्याच्या पंपाला आपल्याकडे लोक भितात. डॉक्टरांनी नातवाला पंप लिहून दिला की आजी म्हणते, ‘एवढ्यातच पंप? आता जन्माची सवय लागली म्हणायची.’ लग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये पंप असला तर तो पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आई धडपडते. या भीतीला मी हसणार नाही. औषध म्हटलं की त्याचे दुष्परिणाम आले, आणि ते डॉक्टरांना विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण आपण भितो आहोत ते चुकीच्या पंपाला. ज्याच्या बाबतीत सावध राहायला हवं तो आपण बिनधास्त ओढतो, आणि जो जीव वाचवतो तो ‘स्टेरॉइड आहे’ म्हणून कपाटात ठेवून देतो. ही उलटापालट थांबावी म्हणून हे लिहितो आहे.

आधी पंप दोन प्रकारचे असतात, हे नीट समजून घ्या. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. धाप नसते त्या दिवशीही ती बहुधा असतेच. धूळ, थंडी, धूर, सर्दी असं काही निमित्त झालं की या सुजलेल्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, नळी अरुंद होते, छातीत घरघर सुरू होते. पहिल्या प्रकारचा पंप हे आवळलेले स्नायू सैल करतो. साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल ही त्यातली नावं. पाच मिनिटांत बरं वाटतं, चार ते सहा तास आराम राहतो. दुसऱ्या प्रकारचा पंप सूज उतरवतो. ब्युडेसोनाइड, फ्ल्युटिकासोन, बेक्लोमेथासोन ही त्यातली नावं, आणि ही सगळी स्टेरॉइड आहेत. तो ओढल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. सगळा घोळ इथेच होतो. ज्याने लगेच बरं वाटतं त्यावर विश्वास बसतो, आणि ज्याने काही वाटत नाही तो फुकटचा खर्च वाटतो.

पुष्कळ कंपन्या आराम देणारा पंप निळ्या रंगाचा करतात, पण सगळ्याच नाही. तेव्हा रंगावर जाऊ नका, डबीवरचं औषधाचं नाव वाचा. वाचता आलं नाही तर मेडिकलवाल्याला विचारा, ‘यात स्टेरॉइड आहे की नाही?’ उत्तर ‘नाही’ असं आलं आणि घरात दुसरा पंप नसला, तर हा मजकूर तुमच्यासाठीच आहे.

आराम देणाऱ्या पंपाचा इतिहास प्रत्येक दमेकऱ्याला माहीत असायला हवा. आज वापरतो तसा दाबून फवारायचा पंप अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला. तो काढणाऱ्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. माझं औषध फवाऱ्याच्या डबीत का मिळत नाही, असं तिने वडिलांना विचारलं आणि त्यातून हा पंप घडला. त्यात तेव्हा आयसोप्रेनालिन नावाचं औषध असे. लोकांना विलक्षण आराम मिळाला. पण १९६०च्या दशकात इंग्लंड-वेल्स, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले, तरुण माणसांचेही. त्या देशांत त्याच औषधाचा कितीतरी जहाल पंप विकला जात होता आणि लोक तो वाटेल तेवढा ओढत होते. इशारे निघाले, वापर घटला, मृत्यूही घटले.

न्यूझीलंडला हे पुन्हा एकदा भोगावं लागलं. तिथे १९७६ साली फेनोटेरॉल नावाच्या औषधाचा पंप आला आणि त्यानंतर दम्याचे मृत्यू पुन्हा झपाट्याने चढले. वेलिंग्टनच्या संशोधकांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या पंपाकडे बोट दाखवलं. त्यावर बंधनं आली आणि मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले.

तिसरा धडा सॅल्मेटेरॉलचा. हे बारा तास नळ्या मोकळ्या ठेवणारं औषध. अमेरिकेत सुमारे २६ हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली. नेहमीच्या उपचाराला सॅल्मेटेरॉल जोडलेल्या निम्म्या रुग्णांत दम्याने १३ मृत्यू झाले, उरलेल्या निम्म्यांत ३. चाचणी २००३ मध्ये थांबवावी लागली आणि औषधावर कडक इशारा छापला गेला. पुढे ४१ हजारांहून अधिक रुग्णांवर नव्या चाचण्या झाल्या. या वेळी असं औषध आणि स्टेरॉइड दोन्ही एकाच पंपात होती. तेव्हा गंभीर धोका वाढलेला दिसला नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अशा जोड-पंपांवरचा तो इशारा काढून टाकण्यात आला. धोका कशामुळे टळला, ते पाहा. ज्या स्टेरॉइडला आपण घाबरतो, त्याच्या सोबतीमुळे.

आराम देणारं औषध वाईट नाही. अटॅकच्या वेळी त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि ते घरात असलंच पाहिजे. साल्ब्युटामॉल जुन्या आयसोप्रेनालिनपेक्षा पुष्कळ सुरक्षितही आहे. त्याने हात थरथरतात, छातीत धडधडतं, कधी डोकं दुखतं, कधी पोटऱ्यांत गोळे येतात. हे थोड्या वेळात ओसरतं आणि नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना त्यापासून धोका नसतो. हृदयविकार असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. खरी भीती वेगळीच आहे. नळी मोकळी झाल्यामुळे माणसाला वाटतं दमा बरा झाला, आणि आत सूज वाढत राहते. पंप दिवसातून दोनदा लागायचा तो चारदा लागतो, मग रात्रीही लागतो, आणि एक दिवस तो ओढूनही काही फरक पडत नाही. दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो तो अशा वेळी, कारण तोवर माणूस पंपाच्या भरवशावर बसलेला असतो.

म्हणून दम्याच्या उपचारांबद्दल जगभरातल्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ने २०१९ साली मोठा बदल केला. मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नका, दमा सौम्य असला तरी स्टेरॉइड पोटात जाणारं नव्हे तर श्वासातून जाणारं द्याच, असं त्यांनी सांगितलं. मोजमापही दिलेलं आहे. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक आराम-पंप वर्षाला लागत असतील, तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. महिन्याला एक संपत असेल, तर मृत्यूचा. आज घरी गेलात की एवढं करा: गेल्या दिवाळीपासून असे किती पंप आणले ते आठवा, मेडिकलची बिलं असतील तर पाहा. आकडा तीनवर गेला असेल तर पुढची भेट कधी ठरली आहे याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

आता स्टेरॉइडकडे वळू. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर येते. ही भीती गोळ्यांच्या बाबतीत खरी आहे. महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की हे सगळं होऊ शकतं. एवढंच नव्हे, आयुष्यभरात पाच-सात दिवसांचे चार-पाच कोर्स झाले, तरी हाडं, साखर आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढू लागतो. पण गोळी रक्तातून सगळ्या अंगात फिरते, आणि पंपातलं औषध लागतं तिथेच जातं. डोळे आले की आपण डोळ्यांत थेंब टाकतो, तसंच हे. अटॅक आला की डॉक्टर साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज, असं पाच दिवस देतात. म्हणजे २०० मिलिग्रॅम. ब्युडेसोनाइडचा २०० मायक्रोग्रॅमचा एक फवारा सकाळ-संध्याकाळ घेतला, तर तेवढ्या वजनाचं औषध भरायला ५०० दिवस लागतात. दोन औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा हिशेब तोळ्या-माशाने जुळणार नाही. पण फवाऱ्यातलं जे औषध घशाला चिकटून पोटात जातं, त्यातलं सुमारे ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं, हेही लक्षात घ्या. आणि नेमाने पंप घेणाऱ्याला गोळ्यांची वेळ कमी येते. स्टेरॉइड टाळायचं असेल तर स्टेरॉइडचा पंप घ्या, हे उलटं वाटतं, पण दम्यात ते अगदी खरं आहे.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नोंदींवरून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या वर्षात रुग्णाने स्टेरॉइडचा जितका एकेक पंप जास्त वापरला होता, तितका दम्याने मरण्याचा दर दर पंपामागे सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेला होता. ज्यांनी तो मध्येच सोडला त्यांच्यात सोडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मृत्यू जास्त दिसले. ‘बरं वाटतंय, आता कशाला’ म्हणून पंप बंद करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तरीही दुष्परिणाम आहेतच, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात जास्त दिसतो तो तोंडाचा. जिभेवर, टाळ्याला पांढरे चट्टे येतात, ते बुरशीचे असतात. आवाज घोगरा होतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक यांना त्याचा त्रास जास्त. या दोन्हींवर उपाय साधा आहे. पंप घेतल्यावर चूळ भरा, गुळणी करा आणि पाणी थुंकून टाका, गिळू नका. दात घासायच्या आधी पंप घ्यायची सवय लावली तर हे आपोआप होतं. चट्टे आलेच तर औषधाने जातात, त्यासाठी पंप बंद करायचं कारण नाही.

मोठ्या मात्रेत आणि वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्यांनी जास्त लक्ष द्यावं. अशांना त्वचेवर सहज काळे-निळे डाग पडू शकतात, वयस्कर माणसांत मोतीबिंदू आणि हाडांची झीज यांचा धोका थोडा वाढतो, आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी मंदावू शकतात. म्हणून मोठी मात्रा चालू असताना ती मनाने एकदम तोडू नका. दमा आटोक्यात येऊन दोन-तीन महिने झाले की डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘आता मात्रा कमी करता येईल का?’ पुष्कळदा करता येते, पण कोणी विचारत नाही म्हणून जुनीच चिठ्ठी चालू राहते. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर किंवा बुरशीवरच्या इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या चालू असतील, तर पंपातलं स्टेरॉइड अंगात साचू शकतं. ते आधी सांगा. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब टाकत असाल तर तेही सांगा. डोळ्यात टाकलेल्या त्या थेंबांनी दम्याचा जोरदार अटॅक येऊ शकतो, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा आहे हे सांगायचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

आईबापांचा प्रश्न असतो उंचीचा. त्याचं उत्तर सरळ आकड्यात देता येतं. अमेरिकेत दमा असलेल्या मुलांना चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड देऊन, ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. निष्कर्ष २०१२ साली आले. औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांची उंची मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. वाढीतली ही तूट पहिल्या एक-दोन वर्षांत पडली, पुढे वाढत गेली नाही. म्हणजे परिणाम आहे, आणि तो अर्ध्या इंचाइतका आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा: रात्र रात्र खोकणारं, मैदानावर न धावणारं, शाळा बुडवणारं मूल. आणि आटोक्यात नसलेला दमा स्वतःच वाढ खुंटवतो. माझ्या मुलाबाबत निर्णय घ्यायची वेळ आली तर मी पंपच निवडेन. पुरेल तेवढी कमीत कमी मात्रा द्या आणि दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा, एवढा आग्रह मात्र डॉक्टरांकडे जरूर धरा.

पंप टाळून आपण काय घेतो, याचाही विचार करायला हवा. साल्ब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत पंपाच्या ४० फवाऱ्यांइतकं औषध असतं. ते सगळ्या अंगात फिरतं, थरथर आणि धडधड जास्त करतं, आणि तरी गुण उशिरा देतं. मुलांना सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टच्या गोळीवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली सर्वांत कडक इशारा घातला, कारण काही रुग्णांत तिच्यामुळे चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी, आत्महत्येचे विचारही दिसले. बहुतेकांना असं होत नाही, पण ‘पंप नको, गोळी बरी’ म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. आणि नाव-पत्ता नसलेल्या दम्याच्या पुड्या! दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, तेही किती हे कोणालाच माहीत नाही. पंपातल्या मायक्रोग्रॅमला घाबरून माणूस पुडीतलं बेहिशेबी स्टेरॉइड खातो, याचं मला फार वाईट वाटतं. कोजागरीच्या रात्री खिरीतून किंवा दुधातून दम्याचं औषध घेणारे, मृगाला हैदराबादला जाऊन माशाचं औषध घेणारेही आपल्यात आहेत. श्रद्धेने कोणी जात असेल तर मी वाद घालत नाही. पंप मात्र खिशात घेऊन जा आणि परत आल्यावर चालू ठेवा.

सुरक्षिततेचा निम्मा भाग पंप कसा घेतो यात आहे. दाबायचा पंप नुसता तोंडात धरून फवारला तर बरंचसं औषध घशाला चिकटतं. दुष्परिणाम सगळे मिळतात आणि फायदा थोडाच. म्हणून स्पेसर वापरा. फवारा आधी त्या नळकांड्यात जातो, मग सावकाश श्वासाबरोबर आत येतो. लहान मुलांना आणि वयस्करांना तर त्याशिवाय पंप देऊच नये. स्पेसर विकत घेणं जमत नसेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डॉक्टर हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फट बुजवून स्पेसर केला. १९९९ साली छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत अटॅक आलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच त्याचा गुण आला. थर्माकोलच्या पेल्याचा तसा आला नाही.

पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, एक फवारा दाबून सावकाश खोल श्वास घ्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र असेल तर उलट, श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा असतो. ती कॅप्सूल गिळायची नसते. गिळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कोणी करून दाखवलेलं नसतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, या कॅप्सूल दमट होऊन पावडर चिकटते. न्हाणीघरात ठेवू नका, लागेल तेव्हाच पाकिटातून काढा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका, नाही तर औषध भिंतींना चिकटतं. दरवेळी दवाखान्यात जाताना पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा.

गरोदर बायकांना घरातली वडीलधारी मंडळी पंप सोडायला लावतात. कृपा करून तसं करू नका. श्वासातून घ्यायचं ब्युडेसोनाइड गरोदरपणात पुष्कळ वर्षं वापरात आहे आणि सुरक्षित मानलं जातं. आईला धाप लागते तेव्हा बाळालाही प्राणवायू कमी पडतो. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं होण्याचा धोका आटोक्यात नसलेल्या दम्याने वाढतो. सुनेला पंप घ्यायची आठवण करून देणारी सासू मला हवी आहे.

आता अटॅकचं. हे घरातल्या सगळ्यांनी वाचावं. धाप लागलेल्या माणसाला आडवं करू नका, ताठ बसवा. आराम देणारा पंप स्पेसरमधून, एका वेळी एक फवारा, असे चार ते दहा फवारे द्या. बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बरं वाटलं नाही, वाक्य पुरं बोलता येईना, बरगड्यांमधली जागा आत खेचली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर थांबू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा, आणि वाटेतही दर वीस मिनिटांनी फवारे देत राहा. अशा वेळी हात थरथरतील, छाती धडधडेल, त्याला भिऊन फवारे थांबवू नका. डॉक्टरांकडून ही सगळी सूचना तुमच्या माणसाच्या मात्रेसह एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पंपाच्या डबीजवळ ठेवा, शाळेत एक प्रत द्या.